कमरेचं वेगळं, कपाटातलं वेगळं

प्रत्येक घरात वस्तूंच्या दोन जाती असतात. एक वापरायची आणि एक जपायची. रोजचं मंगळसूत्र दोन बारीक वाट्यांचं, लग्नातलं ठसठशीत बँकेच्या लॉकरमध्ये. रोजचा चहा कान तुटलेल्या मगमधून, पाहुण्यांचा कपबशांचा सेट शोकेसमध्ये. लोकलने ऑफिसला जाताना मनगटावर सेलमध्ये घेतलेलं डिजिटल घड्याळ आणि आजोबांचं चावीचं एचएमटी कपाटात, रुमालात गुंडाळून. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण हिशेब पक्का असतो. हरवली तर नुसती चुटपुट लागेल ती वस्तू बाहेर न्यायची. हरवली तर रडू येईल ती घरी ठेवायची.

एकदम सिंपल फंडा. पण हाच फंडा एका वेगळ्याच वस्तूला लावून बघा. पिस्तुलाला!

दचकू नका. तुमच्या-माझ्या पर्समध्ये लिपस्टिक, छत्री आणि मेट्रोचं कार्ड यापलीकडे काही नसतं, हे मलाही माहीत आहे. पण अमेरिकेत लाखो माणसं सकाळी घराबाहेर पडताना फोन, पाकीट, किल्ल्या चाचपतात आणि चौथ्या नंबरावर पिस्तूल चाचपतात. शर्टाखाली, कमरेला, कुणाच्या नजरेत येणार नाही असं. याला तिकडे ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. आणि ही मंडळी जेवणाच्या टेबलावर, रेंजवर, दुकानात एक प्रश्न अगदी मनापासून चघळत असतात. रोज कमरेला लावायचं ते कुठलं? जे आवडतं ते, की जे गेलं तर चालेल ते?

मला हा प्रश्न पहिल्यांदा कळला तो डॅलसजवळच्या एका उपनगरात. तिथे माझा मावसभाऊ राहतो. वहिनी तिथलीच, टेक्सासची. २०२३च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे तीन आठवडे होते आणि त्यातले निदान चार दिवस त्या घरात याच विषयावर खल चालला होता. तो खल सांगते, पण आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे ‘हे लोक वेडे आहेत का?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवता येईल.

हातात शस्त्र, तेही कायद्याने

अमेरिकेतल्या प्यू या सर्वेक्षण संस्थेने २०२३ मध्ये विचारणा केली, तेव्हा ३२ टक्के प्रौढांनी ‘माझ्या मालकीची बंदूक आहे’ असं सांगितलं. त्या मालकांपैकी ७२ टक्के लोकांनी ‘संरक्षण’ हे महत्त्वाचं कारण दिलं. शिकार, नेमबाजी, छंद हे सगळं त्याच्या मागे.

बंदूक घरात असणं वेगळं आणि अंगावर घेऊन फिरणं वेगळं. त्याचे कायदे राज्याराज्यांत बदलतात. न्यूयॉर्कने १९११ मध्ये सलिव्हन कायदा आणून परवान्याशिवाय छोटं शस्त्र बाळगणं हा गुन्हा ठरवला. पुढे परवाना हवा असेल तर ‘मला खास गरज आहे’ हे पटवून द्यावं लागायचं. ती अट तिथल्या सुप्रीम कोर्टाने जून २०२२ मध्ये रद्द केली. टेक्सासने १९९५ मध्ये लपवून बाळगण्याच्या परवान्याचा कायदा केला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तर २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याचीही गरज ठेवली नाही. २०२४ पर्यंत अशा बिनपरवाना राज्यांची संख्या २९ झाली. म्हणजे पन्नासातली निम्म्याहून जास्त!

माझा दादा एच-वन-बी व्हिसावर होता तोवर त्याला बंदूक बाळगायची सोयच नव्हती. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला तिथला केंद्रीय कायदा सहसा ती ठेवू देत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड आलं आणि ती आडकाठी गेली. तरीही त्याने घेतली नाही. “अगं, मला साधा मिक्सर दुरुस्त करता येत नाही, हे कुठे हाताळू?” हे त्याचं अधिकृत कारण. खरं कारण मावशी. तिला फोनवर काय सांगणार?

वहिनीचं तसं नव्हतं. ती लहानपणापासून बंदुका बघत वाढली. आपल्याकडे कोकणातल्या मुलीला कोयत्याचं जेवढं कौतुक, तेवढंच तिला पिस्तुलाचं. ती एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात नर्स आहे. ड्युटी रात्रीची. पहाटे तीनला हायवेवरून एकटी गाडी चालवत घरी. पेट्रोल भरायला थांबायचं तर पंपावर चिटपाखरू नसतं. आणि तिच्याकडे एक पिस्तूल होतं. आजोबांचं.

आजोबांचं कोल्ट

वहिनीचे आजोबा, म्हणजे दादाचे आजेसासरे, कोरियाच्या युद्धातून १९५३ मध्ये परत आले. सैन्यात त्यांच्या कमरेला जे पिस्तूल होतं त्याच जातीचं एक त्यांनी परतल्यावर स्वतःच्या पैशाने विकत घेतलं. कोल्ट, पॉइंट फोर फाइव्ह. जॉन ब्राउनिंग या माणसाने बनवलेली ही रचना अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारली, म्हणून तिचं नावच ‘नाइन्टीन इलेव्हन’ पडलं. न्यूयॉर्कचा तो कायदाही त्याच वर्षीचा, बघा योगायोग. १९८५ मध्ये सैन्याने नवं बेरेटा निवडेपर्यंत हेच अधिकृत पिस्तूल होतं. सत्तरहून जास्त वर्षं! आपल्याकडे अम्बॅसिडर गाडीने जसा संसार केला, तसाच.

या पिस्तुलाच्या चाहत्यांचं वेड कुठवर जातं, त्याचा एक नमुना. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकन सरकारने हे पिस्तूल बनवण्याची छोटी ऑर्डर एका अशा कंपनीला दिली, जिचं नाव आपल्या आज्यांनाही पाठ होतं. सिंगर! हो, तीच शिलाई मशीनवाली. सिंगरने फक्त ५०० पिस्तुलं बनवली आणि मग त्या कंपनीला युद्धाच्या दुसऱ्या नाजूक यंत्रांच्या कामाला लावलं गेलं. आज त्या पाचशेतलं एखादं लिलावात आलं की आकडा लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. आता सांगा, असं पिस्तूल कमरेला लावून कोण भाजी आणायला जाईल?

आजोबांचं कोल्ट काही सिंगरचं नव्हतं. बाजारात त्याची किंमत बरी होती, पण डोळे फिरावेत अशी नव्हती. त्याची किंमत वेगळीच होती. दर रविवारी जेवणं झाली की आजोबा किचनच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ते खोलायचे, तेल लावायचे, फडक्याने पुसायचे. वहिनी समोर बसून बघायची. दहा वर्षांची झाल्यावर आजोबांनी तिला शेतावर नेऊन पत्र्याचे रिकामे डबे मांडून नेम धरायला शिकवलं. ते गेले तेव्हा भावंडांमध्ये जमीन, ट्रक, टूलबॉक्स सगळ्याची वाटणी झाली आणि वहिनीने फक्त पिस्तूल मागून घेतलं.

आणि आता तिचं म्हणणं होतं, रोज हेच न्यायचं. “आजोबा माझ्याबरोबर आहेत असं वाटतं,” असं ती म्हणाली. सेंटी? असेल. पण आपण परीक्षेला आजीने दिलेलं पेनच नेत होतो ना?

मुद्देमाल म्हणजे काय रे भाऊ

यावर तिथल्या जाणकारांचा नियम ठरलेला आहे. रोज अंगावर ते पिस्तूल ठेवा, जे उद्या गेलं तरी परवा तसंच दुसरं आणता येईल. हा नियम ऐकायला कोरडा वाटतो, पण त्याच्यामागची कारणं एकेक करून ऐकली की पटत जातात.

पहिलं कारण आपल्याला समजायला सगळ्यात सोपं. तुम्ही कधी पोलीस ठाण्याच्या आवारात डोकावलात? कुंपणाला लागून गंजलेल्या बाइक, चाकं गेलेल्या रिक्षा, वेलींनी गिळलेल्या गाड्या. त्यांना म्हणतात मुद्देमाल. केस संपेपर्यंत हलवायचा नाही. अमेरिकेत एखाद्याने स्वतःच्या बचावासाठी गोळी झाडली, अगदी शंभर टक्के त्याचीच बाजू खरी असली, तरी पिस्तूल पोलीस ताब्यात घेतात. तो पुरावा असतो. तपास, मग सरकारी वकिलांचा निर्णय, मग झालाच तर खटला. कधी काही महिने, कधी काही वर्षं. तोवर त्याला रविवारचं तेल कोण लावणार? परत मिळालं तर ओरखडे, गंज यांच्यासकट मिळू शकतं आणि त्यासाठीही कागदपत्रांचे खेटे आहेतच.

यातली गंमत बघा. घड्याळ लोकलमध्ये हरवतं ते तुमच्या वाईट दिवशी. पिस्तूल मात्र ज्या दिवशी आपलं काम चोख करतं, त्याच दिवशी जातं. बाकी कुठल्या वस्तूला हा शाप नाही.

दुसरं कारण घाम. टेक्सासचा उन्हाळा म्हणजे आपला विदर्भच, चाळीसच्या घरात पारा. जुन्या पिस्तुलांच्या पोलादावर निळसर काळी झिलई असते, दिसायला देखणी, पण घामाला कच्ची. कमरेला रोज दहा तास लावलं की गंजाचे ठिपके धरतात, आणि म्यानातून सारखं आत-बाहेर करून कडांची झिलई उडते. नवी पिस्तुलं या बाबतीत रांगडी असतात. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने १९८२ मध्ये तिथल्या सैन्याला दिलेल्या पिस्तुलाची मूठ-सांगाडा चक्क प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा होता. त्याचाच थोडा छोटा भाऊ, ग्लॉक १९, १९८८ मध्ये आला. वजन कोल्टपेक्षा खूपच कमी. कोल्ट रिकामं असतानाच किलोच्या वर जातं. आणि गोळ्या? कोल्टच्या मॅगझिनमध्ये सात, ग्लॉकच्या पंधरा.

तिसरं कारण गाडी. परवानगी असली म्हणजे सगळीकडे नेता येतं असं नाही. पोस्टात बंदी, शाळेत बंदी, सरकारी केंद्रीय इमारतींत बंदी. टेक्सासमध्ये तर ज्या बारची निम्म्याहून जास्त कमाई दारूवर असते, त्याच्या दारावर लाल अक्षरात भला मोठा ‘५१ टक्के’ असा फलक असतो. म्हणजे पिस्तूल बाहेर ठेवा. बाहेर म्हणजे कुठे? गाडीत. वहिनीच्या हॉस्पिटलमध्येही बंदी, त्यामुळे बारा तासांची ड्युटी संपेपर्यंत पिस्तूल पार्किंगमधल्या गाडीत, सीटला तारेने बांधलेल्या लोखंडी पेटीत. गाड्या फोडून पिस्तुलं चोरणं ही तिथली मोठी डोकेदुखी आहे. आणि चोरलेलं पिस्तूल पुढे कुणाच्या हातात जाईल, ते कुणावर रोखलं जाईल, ते कोण सांगणार?

दादाने इथेच एक बारीक चिमटा काढला. “म्हणजे पार्किंगमधून चालत जाताना भीती वाटते म्हणून पिस्तूल, आणि चालत जाताना ते असतं गाडीत?” वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की मी पुढचा अर्धा तास भांडी घासत बसले.

चौथं कारण वय. सत्तर वर्षांपूर्वीच्या स्प्रिंगांवर जिवाचा भरवसा ठेवायचा का? हल्लीच्या स्वसंरक्षणाच्या गोळ्यांचं तोंड पोकळ असतं, तर जुनी कोल्ट गोल तोंडाच्या गोळ्यांसाठी बनलेली. अशा पिस्तुलात नव्या गोळ्या कधी कधी अडकतात. शिवाय नव्या पिस्तुलांत ट्रिगर ओढल्याशिवाय पिन पुढे जाऊ नये म्हणून जो अडसर असतो, तो त्या काळच्या कोल्टमध्ये नव्हता. हातातून जमिनीवर आपटलं तर? जपून ठेवायला जी वस्तू भारी, ती रोज वापरायला धोक्याची असू शकते. आजीच्या काळ्या पडलेल्या प्रेशर कुकरचं जसं असतं ना, तसंच.

महाग म्हणजे दुर्मिळ नव्हे

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. आपण ‘भरून येणारी वस्तू’ म्हणजे स्वस्त वस्तू समजतो. तसं नाही. भाव, ओढ आणि उपलब्धता ही तीन वेगवेगळी मापं आहेत.

ग्लॉक १९ काही फुकट मिळत नाही. साधारण पाचशे-सहाशे डॉलर, म्हणजे बऱ्या फोनएवढं. पण ते आज गेलं तर उद्या जवळच्या दुकानात तसंच दुसरं मिळतं. तेच वजन, तोच ट्रिगर, तेच म्यान, तीच मॅगझिनं. हाताला पुन्हा काही शिकवावं लागत नाही. काही लोक तर एकाच मॉडेलची दोन घेऊन ठेवतात. एक रोजचं, एक सरावाचं. एक अडकलं तर दुसरं तयार.

उलट एखादं स्वस्त, पण उत्पादन बंद पडलेलं रिव्हॉल्व्हर गेलं तर तसं दुसरं शोधत वर्ष जातं. कोल्टचं ‘पायथन’ नावाचं रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये आलं आणि २००५ मध्ये बंद झालं. मग जुन्या पायथनचे भाव असे चढले की ज्यांनी ती वापरायला घेतली होती त्यांनीही ती तिजोरीत टाकली. २०२० मध्ये कंपनीने ते नव्याने बाजारात आणलं. नवं दुकानात मिळू लागलं, तरी जुन्याचे शौकीन जुन्यालाच चिकटून आहेत.

आणि ओढ? ती भावपत्रकात कुठेच नसते. आजोबांचं कोल्ट गेलं तर त्याच वर्षाचं, त्याच झिलईचं दुसरं पैसे टाकून मिळेलही. पण त्याने डबे कुठे मारलेत?

दुसऱ्या पार्टीचं म्हणणं

आता दुसरी बाजूही ऐकायला हवी, कारण ती बिनडोक नाही. या मंडळींचं म्हणणं असं: जिवाचा प्रश्न असताना वस्तूचा काय विचार करता? ज्या पिस्तुलाने तुमचा नेम सगळ्यात चांगला लागतो, ज्याची हाताला वर्षांनुवर्षांची सवय आहे, तेच न्या. गेलं पोलिसांकडे तर गेलं. तुम्ही तर घरी आलात! आजोबांनी ते शोभेला घेतलं होतं का? ज्याच्यावर प्रेम आहे त्याची माणूस काळजीही जास्त घेतो, सरावही जास्त करतो. तिजोरीत ठेवलेल्या वस्तूचा उपयोग काय?

वहिनीचा मुद्दाही साधारण हाच. आणि खरं सांगू, मला तो पटत होता. आपण काचेचा सेट पाहुण्यांसाठी राखून ठेवतो, पाहुणे कॉफी शॉपमध्ये भेटतात आणि सेट तसाच पुढच्या पिढीकडे जातो. वस्तू वापरण्यातही एक प्रेम असतंच की!

आपल्याकडे

आपल्याकडे हा प्रश्न एवढा रोजचा नाही, कारण आपल्याकडे शस्त्राचा परवाना मिळणं हेच मोठं प्रकरण. पण वारसाचा भाग मात्र आपल्यालाही चुकलेला नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या कोकणातल्या घरी ठासणीची बंदूक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना, रानडुकरांसाठी. पणजोबांपासून चालत आलेली. खंडेनवमीला तिला हळद-कुंकू, झेंडूचं फूल. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि परत आणल्यावर मैत्रिणीचे काका आधी नळीत बोट घालून गंज बघतात, मग चहा घेतात.

२०१९ मध्ये आपल्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. वारशाने आलेलीही त्यातच मोजायची. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांनी एक द्यायची. म्हणजे सरकारनेच घराघरांत हा प्रश्न टाकला. वापरायची ठेवणार, की आजोबांची?

वहिनी काय म्हणाली

चौथ्या दिवशी वहिनी ड्युटीवरून सकाळी घरी आली आणि बराच वेळ किचनमध्ये गप्प बसून राहिली. मी चहा केला. रात्री एका तरुण मुलाला आणलं होतं, तो वाचला नाही. कुणी त्याला मारलं नव्हतं. घरातलंच पिस्तूल, बापाचं.

हा अपवाद नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यातले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे होते. अंधाऱ्या पेट्रोल पंपावरच्या अनोळखी माणसासाठी घेतलेलं शस्त्र घरातल्याच माणसाच्या हाती लागतं, हे वहिनीला आकड्यांवरून नाही, स्ट्रेचरवरून माहीत आहे. तरीही तिला पहाटे तीनचा हायवे आहेच. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात. मला सोपं उत्तर देता येत नाही आणि मी इथे बसून तिला ते द्यावं, हे बरंही नाही.

चहा संपल्यावर ती म्हणाली, “मी आजोबांचं नाही नेणार.”

मला वाटलं, मुद्देमालाचं पटलं, किंवा घामाचं. पण तिचं कारण वेगळंच होतं.

“ते पोलिसांकडे जाईल म्हणून नाही,” ती म्हणाली. “समज, जाईल आणि परतही येईल. पण परत येईल ते आजोबांचं नसेल. ते मी माणूस मारलेलं पिस्तूल असेल. माझी मुलगी ते हातात घेईल तेव्हा तिला काय सांगू? त्या पिस्तुलाने आजवर फक्त डबे मारलेत. तसंच राहू दे.”

दादा काही बोलला नाही. मीही नाही.

जाणकारांच्या त्या नियमात इतकी कारणं आहेत. पुरावा, गंज, चोरी, स्प्रिंगा. सगळी खरी. पण ती सगळी वस्तू जाण्याची कारणं आहेत. वहिनी बोलत होती ते आठवण जाण्याबद्दल. वस्तू हरवली तर आठवण उरते, कधी कधी जास्तच घट्ट होते. वस्तू हातात राहून तिची गोष्टच बदलली, तर मात्र भरपाई नाही. तसं दुसरं मॉडेल कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात तिने एक साधं नाइन एमएम घेतलं. काळं, चौकोनी, दिसायला अगदी ऑफिसमधल्या स्टेपलरसारखं. दुकानदाराने रंग विचारला तर म्हणाली, कुठलाही. बरोबर एक चांगली तिजोरी घेतली, पिस्तुलापेक्षा महाग, कारण मुलगी सात वर्षांची होती. महिन्यातून दोनदा रेंजवर जायचं ठरवलं. रविवारी किचनच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आजोबांचं कोल्ट खोलायचं आणि पुसायचं, हे मात्र तसंच ठेवलं. नव्या पिस्तुलाला ती कॉम्प्युटरच्या टेबलावर उभ्या उभ्या पुसते. त्याच्याशी तिची ओळख नाही आणि तिला ती नकोच आहे. ज्या वस्तूची कधी काही गोष्टच होऊ नये अशी इच्छा असते, तिच्याशी ओळख वाढवून करायचंय काय?

तर मंडळी, वापरायची वस्तू आणि जपायची वस्तू यातला फरक तुम्ही किमतीवर ठरवत असाल तर या रविवारी पुन्हा एकदा विचार करा. आजोबांचं एचएमटी लोकलमध्ये हरवेल म्हणून घाबरू नका. बिनधास्त चावी द्या, घाला. फार तर पट्टा झिजेल, काच तडकेल, आणि ‘हे कुणाचं?’ असं ऑफिसमध्ये कुणी विचारलं तर आजोबांबद्दल चार वाक्यं बोलता येतील. घड्याळाच्या गोष्टीत वापराने भरच पडते. काचेच्या कपबशाही काढा. एखादी फुटली तर ती कुणाच्या हातून फुटली, हे पुढची वीस वर्षं हसत सांगता येईल.

घरीच ठेवायच्या त्या फक्त अशा वस्तू, ज्यांची गोष्ट एका क्षणात उलटी होऊ शकते. अशा फार थोड्या असतात. तुमच्या कपाटात बहुधा एकही नसेल, आणि नसेल तर बरंच आहे.